बांधणीचे पान

खरेदी केंद्राचे फाटक हंगाम ऐन भरात असताना बंद झाले, आणि ज्याच्यामुळे ते बंद झाले तो ट्रक आत वजनकाट्याजवळ उभा होता. त्याची ताडपत्री एका बाजूने उचललेली होती व तिच्याखालून फाटक्या, मातकट पोत्यांची थप्पी दिसत होती. फाटकाबाहेर तंबाखूचे गठ्ठे लादलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या वळणापर्यंत एकामागे एक लागले होते. धुके अजून विरले नव्हते. माणसे गठ्ठ्यांवर घोंगडी पांघरून बसली होती, आणि कोणी नुसते खाकरले तरी चार जण वळून बघत; इतके सगळ्यांचे कान फाटकाच्या कडीकडे लागलेले होते.

पारख्याला बाजूच्या लहान दारातून आत घेण्यात आले.

त्याचे खरे नाव हजेरीपटाबाहेर कोठे उरले नव्हते. बावीस वर्षे तो या केंद्रात पानाची प्रत ठरवीत होता, आणि काम दिसायला अगदी सोपे होते. गठ्ठ्यातून एक जुडी, म्हणजे वीस-पंचवीस पानांची देठाशी पानानेच बांधलेली मूठ, ओढून काढायची. पान अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच चोळायचे. मधली शीर वाकवून तिचा आवाज ऐकायचा. एकदा नाकाशी न्यायचे. आणि एकच शब्द उच्चारायचा. पहिली, दुसरी, तिसरी किंवा भरड. शेतकरी काट्याशी भांडत, कारकुनाशी भांडत, घरी जाऊन बायकोशी भांडत. पण पारख्याच्या शब्दाशी कोणी भांडल्याचे ऐकिवात नव्हते. याचे कारण तो उदार होता हे नव्हे. तो सर्वांशी सारखाच चिकट होता, हे होते.

व्यवस्थापकाच्या खोलीत शुल्क खात्याचा तपासनीस बसला होता. त्याला सर्दी झाली होती आणि मफलर कानांवरून घट्ट गुंडाळल्यामुळे त्याचा चेहरा आखूड व गोल दिसत होता. मेजावर वर्तमानपत्र पसरलेले होते. त्यावर सिगारेटची काही पाकिटे आणि आठ-दहा जुड्या मांडल्या होत्या. त्याने घाई न करता सर्व हकीकत सांगितली. ट्रक परवा पुलावर अडवला गेला होता. तो बंद पडलेल्या एका तेलघाण्याच्या शेडकडे चालला होता, आणि त्या शेडमध्ये सिगारेट वळण्याचे एक जुने यंत्र परवान्यावाचून चालत असल्याचे आढळले होते. पाकीट दिसायला परदेशी, पण कराचा शिक्का नसलेले.

पारख्याने एक सिगारेट घेऊन नखाने उभी चिरली व आतला ऐवज वर्तमानपत्रावर पसरला. शिरांचे कुटलेले तुकडे, झाडून गोळा केलेली भुकटी, आणि त्यात तंबाखूचे नसलेलेही काही.

"हे ओढतात लोक?" त्याने विचारले.

"दहातल्या चार पाकिटांत हेच ओढतात," तपासनीस म्हणाला. "शिक्का नाही म्हणजे कर नाही, म्हणून स्वस्त. शहरातला कारखाना तीन पाळ्यांत चालायचा, आता एकीत चालतो. तुमच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा तीन वर्षं रिकामी आहे ना? ती ज्या पैशातून भरायची तो असा धुरात जातो. आणि तुमचा कोटा का कापला, ते मी वेगळं सांगायला नको."

ते सांगायला खरोखरच नको होते. या हंगामात प्रत्येक भट्टीवाल्याने, म्हणजे स्वतःच्या भट्टीत पान सुकवणाऱ्या शेतकऱ्याने, दहा गठ्ठ्यांपैकी सहाच केंद्रात आणावेत, असा कागद वरून आला होता आणि तो फाटकावर चिकटवण्याचे काम पारख्यानेच केले होते.

"आता गंमत बघा," तपासनिसाने नाक पुसून एक जुडी पुढे सरकवली. "सगळा ट्रक केरकचऱ्यानं भरलेला. आणि तळाच्या दोन पोत्यांत या जुड्या. पान पानाला जुळवलेलं, प्रदर्शनात ठेवावं असं. चोराच्या मालाला प्रत कशाला लागते? म्हटलं, हे बांधणारं माणूस तुमच्या गावातलंच असणार, आणि ओळखणार तर तुम्हीच."

पारख्याने जुडी हातात घेतली. त्याचा अंगठा सवयीने देठाकडे, बांधणीच्या पानावर गेला आणि तिथेच थांबला.

गावातल्या साऱ्या बायका जुडी अख्ख्या पानाने बांधतात. त्या पानाच्या शिरेचा एक उंचवटा देठांभोवती बोटाला लागतो. या जुडीवर तो लागत नव्हता. बांधणीच्या पानाची शीर नखाने ओढून काढली होती, पान चार पदरी दुमडले होते आणि फितीसारखे सपाट गुंडाळून त्याचे टोक आत खोचले होते. गावात असे बांधणारी एकच बाई होती. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात पारख्याने तिला त्यावरून टोकले होते. इतक्या वेळात दहा जुड्या जास्त होतील, असे त्याचे म्हणणे होते. ती म्हणाली होती, "शीर राहिली की जुडीच्या मानेवर वळ उठतो." त्यानंतर त्याने तो विषय काढला नव्हता.

"ओळखलंत?" तपासनिसाने विचारले.

"पान कडक आहे," पारखी म्हणाला. "आत्ता उलगडलं तर मोडेल. रात्रभर दवात राहू द्या. मऊ पडलं की सांगतो."

यात धंद्याच्या दृष्टीने चूक असे काहीच नव्हते. कोरडे पान हाताळू नये, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होते, आणि म्हणूनच व्यवस्थापकाने तत्काळ मान डोलावली. बावीस वर्षांत पारख्याने एक खोटे उभे करण्यासाठी धंद्याचे खरे प्रथमच वापरले.

तपासनिसाने उद्या दहाची वेळ दिली आणि नियम सांगितला. माल ज्या भट्टीचा ठरेल तिची नोंदणी कायमची रद्द होईल व फाटक त्याच क्षणी उघडेल. भट्टी ठरली नाही, तर गावातली प्रत्येक भट्टी तपासली जाईल आणि तोवर खरेदी बंद राहील.

"तोवर म्हणजे किती दिवस?"

"माणसं आम्ही दोन. भट्ट्या एकशे सत्तर. तुम्हीच अंदाज करा."

बाहेर रांगेत पहिलाच ट्रॅक्टर ओढ्यापलीकडच्याचा होता. त्याची भट्टी ओढ्यापलीकडे होती म्हणून हे नाव. एरवी त्याला तोंडाळ म्हणणेही चालले असते. काट्यावर, कोट्यावर, कारकुनाच्या अक्षरावर त्याने केलेल्या तक्रारींची केंद्रात एक स्वतंत्र फाईल होती. पारखी बाहेर येताच तो गठ्ठ्यांवरून उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काळजी करू नका रे. पारख्यानं पान हुंगलं की तिकडं चोराला शिंक येते."

माणसे हसली. पारख्यालाही ओठ हलवावे लागले. उद्या सांगणार, पान मऊ पडू दे, एवढेच त्याने सांगितले, आणि ते सर्वांना पटले. मग ओढ्यापलीकडच्याने आवाज खाली आणून त्याचे मनगट धरले व त्याचा हात आपल्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत घातला.

"बघा."

गठ्ठा आतून कोमट होता. धुक्याचा ओलावा धरून पान आतल्या आत तापू लागले होते; दोन दिवसांत त्याला बुरशीचा वास आला असता, चार दिवसांत ते उकिरड्यावर टाकण्याच्या लायकीचे झाले असते.

"आजचा दिवस निघेल," पारखी म्हणाला.

"उद्याचा?"

"सोडून हवा द्या. रस्त्यावरच पसरा."

"रस्ता तरी कुठं पुरा केलाय यांनी," ओढ्यापलीकडचा म्हणाला, पण यावेळी त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तो आधीच दोर सोडू लागला होता.

पारखी घरी पोचला तेव्हा ऊन पडले होते. अशा वेळी पान निवडता येत नाही. ते सुकून कुरकुरते व नुसत्या श्वासानेही त्याच्या कडा तुटतात. त्याच्या बायकोने ढिगावर ओली पोती टाकली होती आणि ती शेडच्या भिंतीला पाठ लावून दोन्ही हात वाळूने घाशीत होती. हंगामात तिच्या तळव्यांवर पानाचा चीक काळा होऊन बसे आणि तो साबणाने जात नसे. पलीकडे भट्टीच्या तोंडाशी धाकटा भाऊ ओंडके सारीत होता. भट्टी विटांची, दोन पुरुष उंच. आत काठ्यांवर ओवलेल्या पानांच्या सहा रांगा टांगलेल्या, आणि खाली जमिनीलगत लोखंडी नळ्या, ज्यांतून विस्तवाची धग फिरे. पान चढवून दुसरा दिवस होता. हिरव्याचे पिवळे होण्याचे हे दोन दिवस सर्वांत नाजूक. धग वाढली तर पान हिरवेच भाजून निघते, उतरली तर काळे पडते.

पारख्याने बांधून ठेवलेल्या जुड्यांतली एक उचलली, तिची बांधणी सोडली आणि ते चार पदरी पान बायकोसमोर जमिनीवर ठेवले.

तिने हात घासणे थांबवले. कोणती जुडी, कुठे सापडली, असे काही तिने विचारले नाही.

"किती दिल्या?" त्याने विचारले.

"बेचाळीस."

"चोराच्या मालाला प्रत कशाला लावलीस?"

हा प्रश्न तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. विचारायचे दुसरेच होते. पण ती अगदी सरळपणे उत्तर देऊ लागली, जणू चुकले असेल तर तेवढेच चुकले होते.

"भावजींनी सांगितलं होतं, कोंबा पोत्यात, ते काही बघत नाहीत. मी कोंबायलाच बसले. पण लांब पान आखूड पानात घालवेना. हात ऐकेनात. म्हटलं, थोड्याच आहेत, बांधूनच टाकू."

धाकटा हातातला ओंडका तसाच धरून जवळ आला. झाला प्रकार त्याने लपवला नाही. चार गठ्ठे उरले होते. भाजीचे खोके वाहणारा एक टेम्पोवाला दारात आला, त्याने प्रत विचारली नाही, नोंद विचारली नाही, माल उचलला व तो पुढे कोणत्या ट्रकवर चढणार ते न सांगता गेला. एक गठ्ठा जुड्यांचा होता, बाकी मोकळे पान. दादाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर दादाला एकतर खोटे बोलावे लागले असते किंवा खरे.

"दहातले चार गठ्ठे तुझ्या केंद्रानं नको म्हटले," तो म्हणाला. "ते काय गुरांना घालू? गुरंसुद्धा तोंड फिरवतात. कोटा कापला तेव्हा मी तुला विचारलं होतं, उरलेल्याचं काय करायचं? तू म्हणालास, वरून आलंय. वरून येतं आणि आमच्या डोक्यावर पडतं."

"त्यांनी कोटा कापला तो याच पाकिटांमुळं."

"मग पाकिटं मी छापतो का?"

पारखी काही बोलणार तोच बायको, मान वर न करता, हळूहळू, एकेक गोष्ट बोटावर घेतल्यासारखी बोलली. "पाकीट स्वस्त म्हणून कारखाना बसला. कारखाना बसला म्हणून आपलं पान उरलं. उरलेलं पान आपण त्या पाकिटातच घातलं. पुढल्या साली दहातले किती घेतील, भावजी?"

भट्टीच्या तोंडात एक ओंडका फुटला. धाकटा परत जाऊन उकिडवा बसला आणि त्याने निखारे सारखे केले. मग त्याने, पाठ तशीच ठेवून, पहिला मार्ग मांडला. ओळखले नाही म्हणावे. पारख्याने त्याला कोमट गठ्ठ्याबद्दल सांगितले, आणि एकशे सत्तर भट्ट्यांबद्दल सांगितले. तेव्हा धाकट्याने दुसरा मार्ग मांडला.

"ओढ्यापलीकडच्याचं पान आपल्यासारखंच लांब असतं. शिवाय तो सगळ्यांना नकोसा आहे. साहेबांना एक नाव पाहिजे. तुझा एक शब्द, दादा. तुझ्या शब्दावर कोण उलटून विचारतं?"

पारखी रागावला नाही, आणि त्यामुळेच धाकट्याने वळून बघितले. तो आपला उजवा हात न्याहाळीत होता. त्या कोपरापर्यंत घातलेल्या हाताला अजून परक्या गठ्ठ्याची ऊब जाणवत होती.

"भट्टी माझ्या नावावर आहे," धाकटा म्हणाला. "आबांनी विटा स्वतः भाजून बांधली. ती गेली तर मी काय करू? शहरात जाऊ? तिथल्या कारखान्यातली माणसंच इकडं परत यायला लागलीत."

"तुझ्या नावावर आहे म्हणूनच तुला विचारतोय. तू सांग."

"मला नको विचारू. मला विचारलंस तर मी 'वाचव' असंच म्हणणार."

त्यानंतर तिघांनी काम केले. पारख्याने सरपणाच्या गंजीतून ओंडके वाहिले. सवय सुटल्यामुळे त्याच्या खांद्याची कातडी सोलवटली. बायको तासातासाला भिंतीतल्या लहान काचेतून आतले पान बघत होती व धाकट्याला "वाढवा" किंवा "राहू द्या" एवढेच सांगत होती. पहाटे पारखी अंघोळीला उठला तेव्हा तिने धुतलेला सदरा काढून ठेवलेला होता, आणि सदरा हातात देताना ती म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून काही बोलू नका. भावजींसाठी बोलायचं असेल तर बोला. पण दुसऱ्याच्या भट्टीवर माझ्या हातची जुडी ठेवू नका. ती तिथं बसायची नाही."

रस्त्याच्या कडेने पानेच पाने पसरलेली होती. माणसे वाकून ती उलटीपालटी करीत होती आणि धुके वरून पुन्हा त्यांवर उतरत होते. कोणी पारख्याला थांबवले नाही. सर्वांनी नुसती वाट करून दिली, आणि ती वाट त्याला रोजच्यापेक्षा लांब वाटली.

खोलीत कागद तयार होता. व्यवस्थापकाने तो रात्रीच टंकून घेतला होता व त्यावर सहीपुरती जागा सोडली होती. त्याने पारख्याला खुर्ची दिली, जी तो एरवी देत नसे, आणि सांगितले की साहेबांना पुढे जायचे आहे, वेळ मोडायला नको. चौकशी करता करता संशय आपोआपच एका जागी येऊन थांबला आहे, आणि ती जागा गावातही कोणाला अनपेक्षित वाटणार नाही.

पारख्याने कागद वाचला. तो वाचण्यात मंद होता, पण वाचल्याशिवाय सही करीत नसे. 'सदर माल ओढ्यापलीकडील भट्टीतील असल्याबद्दल माझी खात्री झाली आहे.' त्याने तो दुसऱ्यांदा वाचला.

"खात्री कोणाची?" त्याने विचारले.

"तुमची," व्यवस्थापक म्हणाला.

"माझी असेल तर मी लिहीन. दुसऱ्यानं लिहिलेली खात्री माझी कशी होईल?"

"शब्दाचा कीस काढू नका. बाहेर माल नासतोय."

"म्हणूनच सांगतो," पारखी म्हणाला. त्याने कागद उपडा घातला व तपासनिसाकडे वळला. "साहेब, ही जुडी माझ्या घरची आहे. माझ्या बायकोनं बांधलेली. भट्टी माझ्या भावाच्या नावावर आहे."

तपासनिसाने चोंदलेले नाक पुसले. मग तो हसला, आणि ते हसू अविश्वासाचे होते. त्याच्या नोकरीत त्याने अनेक तऱ्हेची माणसे पाहिली होती. गावासाठी स्वतःवर ओढवून घेणारी पाहिली होती, शेजाऱ्याकडून लाभ घेऊन त्याचा गुन्हा पत्करणारीही पाहिली होती. पारखी कोणाला तरी पाठीशी घालतो आहे, असे त्याने स्वच्छ बोलून दाखवले. तोंडी कबुली त्याला नको होती. पुरावा हवा होता.

अशा रीतीने पारख्याला आपल्याच घराविरुद्धचा पुरावा मांडण्याची पाळी आली, आणि एकदा मांडू लागल्यावर त्याला तो अर्धवट मांडता येईना. त्याने गोदामातून चार भट्ट्यांच्या चार जुड्या मागवल्या. त्या मेजावर ओळीने ठेवून त्याने तपासनिसाचे बोट धरले व प्रत्येकीच्या बांधणीवरून फिरवले. शिरेचा उंचवटा इथे, इथे, इथे, इथे. मग पाचव्या जुडीवरून. तिथे काही नाही. पण बांधणीची नक्कल कोणीही करील, असे म्हणून त्याने स्वतःच त्या पुराव्यातले वैगुण्य दाखवले, आणि पान उलगडून खिडकीच्या उजेडात धरले. आमची भट्टी जुनी. डावीकडची नळी आधी तापते. त्या बाजूच्या पानाच्या टोकाशी हा असा फिकट तपकिरी काठ चढतो, बोटाच्या पेराएवढा. तो नक्कल करून आणता येत नाही. गेल्या सालची आमची जुडी नमुन्याच्या कपाटात असेल, तिसऱ्या खणात, ताडून बघा.

कपाट उघडले गेले. जुडी तिसऱ्या खणात होती. काठ पेराएवढाच होता. पारखी नव्या कारकुनाला शिकवावे तशा शांत, किंचित कंटाळलेल्या सुरात बोलत होता, आणि व्यवस्थापक केव्हाच खिडकीकडे तोंड करून उभा राहिला होता.

"तुम्ही साक्षीदार आहात की आरोपी?" तपासनिसाने विचारले.

"दोन्ही लिहा."

"प्रत कोणती?" हे विचारण्याची काही गरज नव्हती, आणि विचारल्यावर तपासनिसालाही ते जाणवले.

"पहिली."

मग लिहिणे झाले. पारख्याने एकच मागणी केली, की आपलेही एक वाक्य त्यात घ्यावे. कोटा कापल्याचा कागद आला, पण उरलेले पान कोठे न्यावे याचा कागद आला नाही, आणि असा कागद येत नाही तोवर टेम्पोवाला दारात येत राहणार. तपासनिसाने ते ऐकून घेतले. ते खरे असल्याचेही त्याने मान्य केले. मात्र ते आपल्या खात्याचे नसल्यामुळे लिहिता येणार नाही, असे सांगितले. व्यवस्थापकाने पाठमोऱ्यानेच कळवले की नोकरीबद्दलचा हुकूम वरून येईल. तोवर पारख्याने मालाला हात लावू नये.

साडेअकराला फाटक उघडले. ट्रॅक्टरांचा एकच गलका झाला. माणसे रस्त्यावरची पाने गोळा करून मिळेल त्या कापडात बांधीत धावली. ओढ्यापलीकडचा पहिला आत शिरला. त्याच वेळी शुल्क खात्याची जीप बाहेर पडली. मागच्या बाकावर पारख्याला बसलेला पाहून त्याने हात उंचावला आणि काहीतरी विनोद केला, पण तो इंजिनाच्या आवाजात ऐकू आला नाही. जीप कोणत्या गल्लीत वळते हे मात्र त्याला दिसले असले पाहिजे, कारण त्याचा वर गेलेला हात तसाच राहिला.

भट्टीला मोहर लावण्यासाठी तपासनिसाबरोबर एक कारकून होता. त्याच्याजवळ लाख, दोरा आणि एक छापील तक्ता होता. विस्तव चालू असलेल्या भट्टीला मोहर लावता येत नाही, असे त्याने सांगितले.

धाकट्याने सगळे ऐकले. त्याने भावाकडे बघितले नाही. "दोन दिवस द्या," तो तपासनिसाला म्हणाला. "पान चढलेलं आहे. रंग धरतोय. दोन दिवसांनी खुशाल लावा. पान तुम्हीच न्या, मला नको. पण असं मध्येच नका करू."

"मला देता आले असते तर दिले असते," तपासनीस म्हणाला. "नोंदणी रद्द झाल्यावर त्या भट्टीत धूर निघाला तर तो माझ्यावर येतो."

"मग तुम्हीच विझवा," असे म्हणून धाकटा सरपणाच्या गंजीवर जाऊन बसला आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

कारकुनाने आडावरून बादली भरून आणली. तो विस्तवावर पाणी ओतणार, तोच पारख्याची बायको मध्ये आली. तिने बादली त्याच्या हातून काढून खाली ठेवली.

"तापलेल्या विटेवर गार पाणी? भिंत फुटेल."

भिंत आता कोणासाठी राखायची, हे तिला कोणी विचारले नाही. तिने लांब दांड्याचे फावडे घेतले, पदर खोचला आणि भट्टीच्या तोंडाशी बसून पेटलेले ओंडके एकेक करून बाहेर ओढले. प्रत्येकावर राख टाकली, प्रत्येक वेगळा मांडला. धगीने तिच्या कपाळावरचे केस आखडले. दोनदा पारखी पुढे झाला, दोनदा तिने कोपराने त्याला मागे सारले. तिसऱ्यांदा तिने फावडे त्याच्या हाती दिले आणि स्वतः निखारे राखेत दाबू लागली. बऱ्याच वेळाने धाकटा गंजीवरून उठला. वरचे धुराडे अर्धे बंद करायचे की पूर्ण, याची त्या दोघांना नीट माहिती नव्हती. तो शिडी लावून चढला व ते त्याने अर्धे लावले.

कारकून तक्ता भरीत होता. भट्टीची उंची, काठ्यांची संख्या, आतल्या मालाचे अंदाजे वजन. एका रकान्याशी तो थांबला आणि नक्की कोणाला विचारावे हे न कळून सर्वांकडे बघून म्हणाला, "प्रत काय लिहू?"

आता याला उत्तर देणारा माणूस तिथे एकच होता, आणि त्याला मालाला हात लावण्याची मनाई होती. पारखी भिंतीतल्या काचेपाशी गेला. आत पहिल्या रांगेची पाने खाली मान घालून लोंबत होती. रंग सगळीकडे सारखा उतरला होता. हिरवा राहिला होता तो केवळ शिरांच्या कडेला, दोऱ्याएवढा. त्याने पान कितीतरी वेळ पाहिले. काच थंड होऊ लागली होती आणि तिच्यावर आतून ओल धरत होती.

"आत्ता पहिली आहे," तो म्हणाला. "संध्याकाळी विचाराल तर काहीच नाही."

कारकुनाने तपासनिसाकडे पाहिले. तपासनिसाने मफलर सोडला होता आणि तो राखेतून अजून वर येणारा धूर बघत होता.

"वेळ लिही," तो म्हणाला, "आणि पहिली लिही."

कारकुनाने मनगट उलटून घड्याळ पाहिले, वेळ लिहिली आणि पुढे तो शब्द लिहिला. मग तो लाख वितळवायला बसला. त्यासाठी त्याला विस्तव लागला, आणि तो त्याने राखेतल्या एका निखाऱ्यावरूनच घेतला.